रेफरन्सचा रकाना

प्रिय बडबडे,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. पत्र फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाड.

भाच्याचं लग्न ठरलंय. बहिणीकडची माझी खोली आता त्याला लागणार. मला कुणी जा म्हणालं नाही, फक्त मी आत बसलेली असताना भिंतींची मापं घेतली. म्हणून एकट्या बायकांच्या वसतिगृहात एक खोली बघून आले. मोठी खिडकी आहे, शेगडीपुरता ओटा आहे. मला फार आवडली.

अर्जात एक रकाना होता, 'रेफरन्स'. छापखान्यात हा शब्द आपण हजारदा तपासला असेल, पत्रांच्या डोक्यावर, जाडजूड पुस्तकांच्या शेवटी. इथे मात्र माझं घोडं अडलं. मी बहिणीचं नाव लिहिलं, तर तिथल्या कारकूनबाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, नातेवाईक चालत नाहीत. तुम्हाला निदान पाच वर्षं ओळखणारं, तुमच्याबद्दल खात्रीने सांगेल असं बाहेरचं माणूस हवं. मला दूधवाला आठवला. त्याला माझं आडनावही ठाऊक नाही. बाई चहा पिऊन परत आल्या तरी रकाना कोराच होता. खरं सांगते, मला रडू आलं.

मग आपली एकोणीस वर्षं आठवली. तू मूळ मजकूर मोठ्याने वाचायचीस, स्वल्पविरामसुद्धा ठणकावून, आणि मी प्रुफावर पेन्सिल फिरवायचे. माझं डोकं दुखतंय हे तुला माझ्याआधी कळायचं. आणि मग ते लहान मुलांच्या औषधाचं पत्रक. अर्ध्या चमच्याच्या जागी दीड चमचा छापलं गेलं. नशीब, गठ्ठे बाहेर पडायच्या आत कुणाच्या तरी लक्षात आलं. तू साहेबांना म्हणालीस, मी 'अर्धा चमचा' असंच वाचलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि तुझी नोकरी गेली.

तू 'अर्धा' असंच वाचलं होतंस. मी ते ऐकलंही होतं. प्रुफावर बघितलं नाही, एवढंच. आज साहेबांनाही हे लिहून कळवलंय.

त्या रकान्यात मी तुझं नाव लिहून आलेय, तुला न विचारता. वसतिगृहाकडून तुला पत्र येईल, ही बाई भरवशाची आहे का म्हणून विचारतील. माझी कीव करून काही लिहू नकोस. तुला जे वाटतं तेच लिही, खोली गेली तरी चालेल. मला ओळखणारं माणूस म्हणून तुझ्याशिवाय एकही नाव सुचलं नाही गं.

तुझीच,
घुमी