चटईच्या दोन पदरांत

प्रिय इंदाय,

तुझ्या पासपोर्टचे सात फोटो आज वाया गेले. सातही वेळा तू जीभ बाहेर काढलीस! फोटोवाला वैतागून म्हणाला, "बाई, नॉर्वेच्या लोकांनी मुलगी मागितलीय, माकड नाही." तू त्यालाही जीभ दाखवलीस. मग मी तुला दोन धपाटे घातले, आणि आठव्या फोटोला तू गुमान बसलीस. त्यात तुझे डोळे सुजलेले आहेत. तो फोटो बघितलास की मला शिव्या घाल, माझी हरकत नाही.

तिथून आपण दत्तक कचेरीत गेलो. डॉक्टरच्या कागदावर अंगावरच्या खुणा लिहायच्या असतात. तिथल्या फेलिसाबाईंनी तुझा फ्रॉक सरकवून विचारलं, "लुमेन, हा खांद्यावरचा वण कसला गं?" मी म्हटलं, "नारळाच्या खोवणीवर पडली." त्यांनी तसं लिहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "केवढी थोरली खोवणी म्हणायची तुझी!" पुढे काही विचारलं नाही. देव त्यांचं भलं करो.

आता खरं ऐक. तू मला नानाय म्हणतेस, पण मी तुझी आई नाही, इंदाय. तुझी आई माझी धाकटी बहीण, सेल्सा. आमच्या गल्लीत तिच्यासारखी चटई कुणी विणत नव्हतं. तू दहा महिन्यांची होतीस. ती जमिनीवर बसून विणत होती, तू तिच्या मांडीशी. तुझा बाप डोमेंग भरदुपारी माडी ढोसून आला. भात करपला होता, एवढंच कारण. त्याने लव्हाळा कापायचा कोयता उचलला. सेल्सा पळाली असती, दार उघडंच होतं. पण ती तुझ्यावर पालथी पडली. मी शेजारच्या खोपटातून धावले तेव्हा तो मोळी फोडावी तसे घाव घालत होता. शेवटचा घाव तिच्या दंडातून आरपार जाऊन तुझ्या खांद्याला लागला. तिच्याखालून तुला ओढून काढलं तेव्हा कोणतं रक्त कुणाचं, कळत नव्हतं. अर्धवट विणलेल्या त्याच चटईत गुंडाळून आम्ही तिला पुरलं.

मेल्याला शिक्षा? कसली आलीय! गावचा कप्तान, म्हणजे गावप्रमुखच, त्याचा सख्खा काका. "बाई माडावरून पडली," असं त्याने लिहून दिलं. डोमेंग मासेमारीच्या बोटीवर निघून गेला. तुझा जन्म तोवर कुठेच नोंदवलेला नव्हता, आमच्याकडे बऱ्याच जणांचा राहतोच. मी म्हाताऱ्या सुईणीचे पाय धरले. तिने माझ्यासोबत शहरात येऊन शपथेवर सांगितलं की हे मूल लुमेनच्या पोटचं, बापाचं नाव ठाऊक नाही. त्या दिवसापासून तू माझी झालीस. हा गुन्हा आहे, तुरुंगात टाकतात. टाकू देत.

दीड वर्षापूर्वी डोमेंग बोटीवरून उतरल्याचं कळलं आणि दुसऱ्याच दिवशी मी दत्तक कचेरीची पायरी चढले. इथल्या इथे कुठे लपवणार होते तुला? तीन घरं बदलली, तिन्ही त्याने शोधली. फेलिसाबाईंपुढे खरं बोलायचं दोनदा जिभेवर आलं होतं. पण खरं सांगितलं की कागदावर बाप येतो, आणि बाप आला की त्याची सही लागते. ती सही मागायला तुला त्याच्यापुढे उभी करू?

गेल्या मंगळवारी तो दारात आला. तुला मी तांदळाच्या पिंपात बसवून वर झाकण ठेवलं. आठवतं? "खेळ आहे, आवाज करायचा नाही," म्हटलं होतं. "माझी पोर काढ बाहेर," म्हणत तो आत घुसला, कमरेला कोयता. चुलीवर लव्हाळा रंगवायचं पातेलं उकळत होतं. मी ते अख्खं त्याच्या तोंडावर ओतलं. तो गुरासारखा ओरडला. माझेही हात भाजले, पण मला जराही वाईट वाटलं नाही. दुसरं पातेलं असतं तर तेही ओतलं असतं. शेजारी त्याला उचलून नेत होते तेव्हा ओरडत होता, "तोंड बरं होऊ दे, दोघींना एकाच चटईत गुंडाळतो!"

उद्या कोर्ट आहे. न्यायाधीश विचारतील आणि मला सांगावं लागेल, "हे मूल मला नको." फेलिसाबाईंनी बजावलंय, "रडायचं नाही. रडलीस तर ते म्हणतील, बाईचं मन पक्कं नाही, तीन महिन्यांनी या." तीन महिन्यांत त्याचं तोंड बरं होईल. म्हणून मी रडणार नाही. तू शेजारीच असशील, सगळं ऐकशील. माझा हात धरायला येशील आणि मी तो झटकेन. सहा वर्षांची आहेस, हे तू विसरणार नाहीस. तुझ्यासोबत द्यायला दुपदरी चटई विणलीय. हे पत्र तिच्या दोन पदरांत शिवतेय. चटई कधीतरी फाटेल, तेव्हा आपली भाषा येणारं कुणी शोध आणि वाचून घे. उद्या मी जे बोलणार आहे ते खोटं आहे, पोरी. तू मला हवी होतीस.

तुझीच,
कागदावरची आणि मनातलीही नानाय,
लुमेन