दोघांना एकच हाक

बाबा,

वर मायना घातलेला नाही, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. दुसऱ्या कुणी असा उघडाबोडका कागद धाडला असता तर तुम्ही त्यावर बोट आपटून विचारलं असतंत, "हा कागद आहे की आरोळी?" साष्टांग नमस्कार लिहून झाला होता. पुढे 'वडिलांचे आशीर्वादेकरून क्षेम' लिहायला गेले आणि 'क्षेम' या शब्दापाशी बोरू अडला. तुम्हांला जाऊन अडतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांनी वडिलांना खोटं कशाला लिहायचं, म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला.

आज दिवाळीचा पाडवा. शेजारच्या सुनेने आपल्या अंगणाबरोबर माझ्याही दारात रांगोळीची चार बोटं ओढली आणि द्रोणात दोन करंज्या ठेवून गेली. तुमचे जावई जाऊन सहा वर्षं झाली. तुमचा नातू उत्तरेत छावणीवर असतो, तुमच्यासारखाच दप्तरात; सूनही तिकडेच. त्याला मुलगी झाली. बारसं झाल्याचं त्याने तीन ओळींत कळवलंय, त्यातली तिसरी ओळ घोड्याच्या दुखण्याची आहे. तो कागद मी काल आठ वेळा वाचला. नारायण पेठेतल्या या घरात आता मी एकटी. पाऊस गेलाय, नदीचं पाणी निवळलंय, सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं आणि दुपारचं ऊन मात्र चावतं. हे दिवस आले की मला तुमच्याआधी तो आठवतो. रागावू नका.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. स्वारीहून तुम्ही ज्येष्ठात परत आलात आणि तट्टावरच्या पडशीतून दोन हातांनी कुत्र्याचं पिल्लू काढून अंगणात ठेवलंत. मातकट रंगाचं, पोट सुटलेलं. आई दारातच उभी होती. ती म्हणाली, "हे काय?"

"एका धनगराने दिलं. नाही म्हणवेना."

"त्याने हत्ती दिला असता तर?"

"तो अंगणात मावला नसता," तुम्ही म्हणालात.

ओसरीची पायरी त्याने चढायची नाही, या बोलीवर ते राहिलं. त्याला नाव काय ठेवायचं म्हणून मी तुमच्या मागे लागले, तर तुम्ही नाव ठेवलंच नाही. हाताखालच्या कारकुनांना एकेरीत झोडणारे तुम्ही, त्या कुत्र्याशी मात्र अहोजाहोने बोलायचात. "अहो, उठा आता, ऊन आलं." "अहो, आपण जेवलात का?" होता होता त्याला तीच हाक कळायला लागली. मग पंचाईत आईची झाली. ती स्वयंपाकघरातून "अहो" म्हणाली की ओसरीवरून तुम्ही उठायचात आणि अंगणातून तो. आई पदर तोंडाला लावायची. आम्ही चार भावंडं झालो, त्यातली मी एकटी राहिलेली; आमच्या त्या घरात हसायची कारणं फार नव्हती. हे एक होतं.

पावसाचे चार महिने तुम्ही घरी असायचात. तेव्हाच तुम्ही मला अक्षरं शिकवलीत. आई म्हणायची, मुलीला लिहिता येऊन करायचंय काय? तुम्ही म्हणायचात, "निदान आमची पत्रं शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी लागणार नाहीत." मी धूळपाटीवर वाकलेली, तुम्ही टेकून बसलेले, पायरीखाली तो जिभेवर झडीचे थेंब घेत पडलेला. "हा ळ आहे की जिलबी?" असं तुम्ही विचारलं की तोसुद्धा मान वर करून माझ्याकडे बघायचा.

दसऱ्याला तुमचं निघणं ठरलेलं. आपट्याची पानं वाटून झाली की तट्टावर खोगीर चढायचं आणि तो कसब्यातल्या आपल्या घरापासून थेट नदीच्या उतारापर्यंत तुमच्यामागे जायचा. पाण्याशी तुम्ही वळून म्हणायचात, "आपण परत जा." तो जायचा. मग आठ दिवस दाराकडे पाठ करून निजायचा.

माझं लग्न झालं ते मी अकरा वर्षांची असताना. पुढचा दसरा आला. त्या वर्षी फौज नदीपलीकडे डेरे देऊन महिनाभर थांबली होती, म्हणून दिवाळसणाला तुम्हांला एक दिवसाची रजा मिळाली. त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही.

माझे सासरे आणि तुमचे जावई पंगतीला बसलेले. पाटाभोवती महिरप, समया, केळीच्या पानांवर वाफा. तो मागे गोठ्यात बांधलेला. तुम्ही सोवळं नेसून तूप वाढायला आलात आणि म्हणालात, "सावकाश होऊ द्या." एवढंच. वीस दिवसांत त्याने तुमचा आवाज ऐकला नव्हता. दोरी तोडून तो गोठ्यातून आला, ज्या पायरीवर त्याने चार वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं ती त्याने एका उडीत ओलांडली आणि सगळ्या पंगतीदेखत तुमच्या सोवळ्याला येऊन भिडला. तुपाचं भांडं पडलं. सासरे पानावरून उठून उभे राहिले. त्यांनी विचारलं, "हे कुत्रं घरचं की काय?"

कुणी काही बोलायच्या आत मी बोलले. पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभी होते. म्हणाले, "नाही. आमचं नाही. आळीतलं आहे."

तो माझ्याकडे बघत शेपूट हलवत होता. आईने लाकूड उगारून त्याला बाहेर घालवलं. तुम्ही पुन्हा आंघोळ केलीत, पुन्हा पानं मांडली, पंगत झाली, सासरे तृप्त होऊन विडा खाऊन गेले. तुम्ही सगळं हसतमुखाने केलंत. मग आडापाशी मला एकटीला गाठलंत. मला वाटलं, आता ओरडाल. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "घाबरलीस, ते कळलं. पण जो आपल्याला ओळखतो, त्याला आपण ओळखत नाही म्हणायचं नसतं."

मी मान खाली घातली. चुकले म्हणायला हवं होतं. पायाच्या अंगठ्याने ओली माती उकरत राहिले.

संध्याकाळ व्हायच्या आत तुम्ही छावणीकडे निघालात, तेव्हा त्याच्या गळ्यात नवी दोरी होती. आईने विचारलं, "त्याला कुठे नेता?" तुम्ही म्हणालात, "छावणीत. तिथे ह्यांना ओळखणारा एक तरी आहे." माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी दारात उभी होते आणि मला वाटत होतं, ज्येष्ठात येतील तेव्हा बोलू.

माघात कागद आला. कर्नाटकात ज्वर झाला, पाचव्या दिवशी संपलं. ते अक्षर तुमच्या हाताखालच्या कुणाचं तरी होतं आणि आईला ते मीच वाचून दाखवलं. शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने सासरी दारात एक जासूद येऊन उभा राहिला. धुळीने भरलेला, हातात दोरी, दोरीला तो. हाडं दिसत होती. जासूद म्हणाला, "कारकूनबावांनी शेवटी सांगितलं होतं, हे माझ्या लेकीचं आहे, तिच्या हवाली करा. वाटेत दोनदा सुटून मागं पळालं, पण आणलं."

सासरे ओसरीवर होते. त्यांनी मला हाक मारली. "हे तेच ना? आळीतलं?"

बाबा, मी उंबऱ्याबाहेर आले. मी म्हणाले, "नाही. माझं आहे. तेव्हाही माझंच होतं."

त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "असेल तुझं. घर माझं आहे. माहेरी नेऊन ठेव."

मी मोलकरणीला बरोबर घेतलं, दोरी हातात घेतली आणि निघाले. नारायण पेठेतून कसब्यापर्यंत, भर दुपारी, लुगडं सावरत, डोक्यावरचा पदर दातांत धरून. शनिवारवाड्यापुढचे शिपाई हसले. एका बाईने खिडकीतून विचारलं, "अगं, कुणाची गं तू?" मी तुमचं नाव सांगितलं. रस्त्यावर इतक्या मोठ्याने तुमचं नाव मी त्याआधी कधी घेतलं नव्हतं, नंतरही नाही. तो माझ्या पायाला घासून चालत होता. आडापाशी तुम्हांला सांगायचं राहिलं होतं ते मी त्याला सांगितलं. मोलकरीण म्हणाली, "वहिनी, कुत्र्याशी काय बोलता?" म्हटलं, "घरचीच रीत आहे."

आईने दार उघडलं. कुंकू पुसलेली, आलवणातली आई मी तेव्हा दुसऱ्यांदाच पाहत होते. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि मला म्हणाली, "पाय धू." तो पायरी चढला, ओसरी हुंगली, तुमची बसायची जागा हुंगली, माजघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला. आईने लाकूड उचललं नाही. तुम्ही गेल्यापासून त्या घरात ती हाक बंद झाली होती. आई त्याच्यापुढे भाकरी ठेवायची, पण त्याला काही म्हणून बोलवायची नाही. पुढच्या दिवाळीला मी गेले तेव्हा मागच्या दारी भांडी घासत होते. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अहो, जेवायला चला." माझ्या हातातली राख तशीच राहिली. मी वळून पाहिलं, तर अंगणातून तो उठून लगबगीने आत जात होता.

आणखी चार वर्षं तो तिला पुरला. माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी तिथेच होते. पाळण्याची दोरी मी ओढायची आणि तो पाळण्याखाली पडलेला. त्याच कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या सकाळी, वृंदावनाच्या सावलीत तो गेला. उन्हात त्याच्या अंगावर माश्या बसायला लागल्या तेव्हा आम्हांला कळलं. आईने गडी बोलावून त्याला मागच्या परसात पुरवलं. मग आडावर जाऊन तिने डोक्यावरून पाणी घेतलं. कुत्र्याचं सुतक कुठल्या शास्त्रात नाही. ओल्या आलवणाने ती बराच वेळ तिथेच उभी होती. आत तुमचा नातू रडत होता आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती त्याला घ्यायला धावली नाही.

आता आई नाही, कसब्यातलं घर दुसऱ्यांकडे गेलं. शेजारीण विचारते, दिवाळीत एकट्या काय करता? मी म्हणते, निवांत असते. तुम्ही या उत्तरावर काय बोलला असतात ते मला शब्दन् शब्द ऐकू येतं.

हा कागद कुठे धाडायचा ते ठाऊक नाही. जासूद तिकडे जात नाहीत. घडी घालून ठेवून देईन. एक सांगायचं होतं, ते मघापासून टाळतेय. तुमचा आवाज आठवतो, अक्षर आठवतं, चालताना वाजणारा जोडा आठवतो. चेहरा आठवत नाही, बाबा. कधीपासून, तेही सांगता येत नाही. त्याचा आठवतो. नाकावरचा ओरखडासुद्धा.