म्युस्काडे आणि चहाचा चमचा

ड्रोहेडा,
१२ एप्रिल २०२५

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. इथे सलग दोन दिवस ऊन पडलंय, त्यामुळे शेजारच्या आजी दारात खुर्ची टाकून बसल्यात. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे यायच्या जूनच्या तिकिटाची प्रिंट मुकुलदादाकडून काढून घ्या, मोबाइलवर विसंबू नका.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मध्येच "बरं, ठेवतो" म्हणता. हे शेवटपर्यंत वाचायचं आहे.

मी एक परीक्षा पास झाले. वर्गात पहिली! कसली, ते सांगते. त्याआधी दुसरं सांगायला हवं. औषध कंपनीतली नोकरी मी सप्टेंबरातच सोडली. दर रविवारी तुम्ही विचारता, "लॅब कशी आहे?" आणि मी म्हणते, "छान." लॅब छानच असेल. मी तिथे नसते, एवढंच.

मी नदीकाठच्या एका रेस्टॉरंटमध्ये काम करते. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन द्यायची, ते मी ठरवते. परीक्षा त्याचीच होती.

पत्र खाली ठेवलंत ना? उचला, बाबा. गुरुनाथकाका मला आठवतात. त्यांना रिक्षातून उतरवून घेताना तुमचा शर्ट फाटला होता, तेही आठवतं. "या घरात पुन्हा बाटली येणार नाही," असं तुम्ही त्यांच्या तेराव्याला म्हणालात, तेव्हा मी दाराशीच उभी होते. म्हणून तर सात महिने सांगायला जीभ रेटली नाही.

पहिल्याच वर्गात म्युस्काडे होती. फ्रान्सच्या पश्चिमेला ल्वार नदी समुद्राला मिळते, तिथली पांढरी वाइन. द्राक्षाचं नाव मलों. साधं द्राक्ष, मिजास नाही. हिवाळाभर वाइन यीस्टच्या गाळावर तशीच ठेवतात, म्हणून जरा अंग धरते. चव लिंबाची आणि किंचित खारट. सगळे नाजूकपणे ओठ लावत होते. मी सवयीने सुर्रकन ओढली, तोंडभर फिरवली आणि बादलीत थुंकले. अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

"ग्रँड!" आमच्या नीव्हबाई म्हणाल्या. "कोणी शिकवलं?"

"बाबांनी. आयुष्यभर तेच काम केलं त्यांनी."

"म्हणजे तेही वाइनमधलेच?"

मी "हो" म्हणून मोकळी झाले! रविवार पेठेतल्या चहाच्या पेढीवर चाळीस कप मांडून, चहा पारखायला चमच्याने ओढून पिकदाणीत थुंकणाऱ्या माझ्या बाबांना मी वाइनवाले करून टाकलं. तुमच्याशीही खोटं आणि तुमच्याबद्दलही खोटं. पण सुट्टीत तुमच्या शेजारी स्टुलावर बसून 'ही पावसाळी पत्ती, ही जरा धुरकट' हे मी शिकले, ते तर खरं आहे ना? परीक्षेत लेबल न दाखवता सहा ग्लास दिले होते. सहाही ओळखले. बाबा, त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला.

म्युस्काडेबरोबर इथे कालवं देतात. मी शेफच्या मागे लागून आईसारखं तिसऱ्यांचं सुकं करायला लावलं. ओला नारळ, कोकम, तिखट बेताचं. काय जमतं सांगू! मेनूवर आईचंच नाव टाकलंय, 'रोहिणीज'. गेल्या शनिवारी बावीस प्लेट गेल्या.

रोज चाखते आणि थुंकते. निकालाच्या दिवशी मात्र अर्धा ग्लास प्यायले. एवढं सांगितलं, तर हेही लपवत नाही.

नीव्हबाईंना आता सगळं खरं सांगितलंय. त्या म्हणाल्या, "मग तर त्यांनी एक तास आमच्या वर्गाला शिकवायलाच हवं." तिकीट रद्द करता येतं, हे मला माहीत आहे. रद्द केलंत तर मी काही बोलणार नाही, पण फार रडेन. आलात तर तुमचा चाखायचा चमचा आठवणीने आणा. वर्गात चाळीस कप मी मांडून ठेवीन. पहिला घोट तुमचा.

जीभ तुमच्यावरच गेलेली,
गिरिजा