कच्च्या शिलाईवर पहिला नंबर

म्हैसूर

तीर्थरूप अण्णा,
अंबुजाचा वाकून नमस्कार.

इथल्या ट्रेनिंगमध्ये आमचा गट पहिला आला! तीनशे मुलं, पन्नास गट. प्रत्येक गटाने खऱ्या गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअर करून द्यायचं आणि निम्मे गुण गिऱ्हाइकाने द्यायचे.

बाकीच्यांनी काम पुरं करूनच दाखवलं. मी मात्र तुमच्यासारखी कच्च्या शिलाईवर ट्रायल घेतली. आमचं गिऱ्हाईक म्हणजे इथला एक दवाखाना. दर शनिवारी तिथल्या शांताक्कांना अर्धवटच दाखवायचं आणि त्या "बेडा, हे नको" म्हणाल्या की उसवायचं. गटातली मुलं चिडायची. मी दोनदा रडले, ते आईला सांगू नका.

सरांनी विचारलं, "ही पद्धत कुठल्या पुस्तकातली?"

"अण्णांच्या टेलरिंगच्या दुकानातली."

आई अजून तुम्हाला सुई ओवून देते का? मोतीबिंदू काढून घ्या. दिवाळीत मी आले की माझ्यासमोर तुम्हीच ओवायची.

तुमची,
अंबुजा