इंजिन बंद होतं

३ एप्रिल
फाट्यावर उतरलो तर समोर मीच! आठ फूट उंच. खाली लिहिलंय, 'सागरी वाघाचे हार्दिक स्वागत'. माझ्या दोन्ही बाजूंना समया तेवताहेत, वर पांढरी कबुतरं. घरी आल्यावर आईनं उलगडा केला. आमच्या पाणबुडीच्या टकरीची बातमी आली तेव्हा गावाच्या ग्रुपवर कोणीतरी मला मारून टाकलं. सरपंच श्रीमंतरावांनी नेवाशाला श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायला टाकलाही. तेवढ्यात माझा फोन आला. मग फ्लेक्सवाल्यानं नुसता मजकूर बदलला. "समया ऱ्हाऊ द्या, शुभच आसत्यात," असं श्रीमंतराव म्हणाले म्हणे.

४ एप्रिल
मिरवणूक. डीजे, फेटा, शाल, नारळ. जेसीबीच्या बकेटमधून झेंडूची फुलं. श्रीमंतरावांच्या भाषणात मी शत्रूची पाणबुडी फोडली. माईक हातात आला तेव्हा सांगायला हवं होतं की आम्ही पाण्यावर येताना खालून एका मासेमारीच्या होडीला धडकलो, आणि तिचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, बुडून मेला. मी म्हणालो, "गावाचं प्रेम असंच राहू द्या." टाळ्या.

५ एप्रिल
इथं तरी नीट लिहून ठेवू. पाण्याखाली आम्हाला काही दिसत नाही. हेडफोन लावून आजूबाजूचे आवाज ऐकायचे, कुठली बोट कुठं आहे ते साहेबांना कळवायचं, मग साहेब पाणबुडी वर घेणार. त्या वेळी हेडफोन माझ्या कानांवर होते. होडीचा आवाज आला नाही, कारण तिचं इंजिन बंद होतं. तसा लेखी जबाब दिलाय. होडीवरचे वाचलेले तिघं म्हणतात, चालू होतं. पण घाबरलेली माणसं, त्यांचं काय धरायचं. १८ तारखेला मुंबईत चौकशी मंडळापुढं शपथेवर तेच पुन्हा सांगायचंय. तेवढं झालं की चूक तांडेलाची ठरेल. तो काही हरकत घ्यायला येणार नाही.

इंजिन बंद होतं.

६ एप्रिल
साहेबांचा फोन. आराम चाललाय ना? जबाब तोच ना? दोन्ही प्रश्न एकाच सुरात.

८ एप्रिल
वैजनाथकाका आले. आमच्या भावकीतले. तीनशे झाडांची डाळिंबाची बाग आणि विहीर तळाला गेलेली.

"कल्यान, तुला पान्याखालचं समदं ऐकू येतं म्हनं. मग मातीखालचं पानी ऐकायला काय लागतंय? पानाड्या तळहातावर नारळ घिऊन हिंडला अन् तीन जागा सांगून गेला. त्यातली खरी कुठली, तेवढं सांग."

समजावलं. पाणी ऐकू येत नसतं, यंत्राचा आवाज येतो, तोही समुद्रात. काका मान डोलवत राहिले. मी जितकं नाही म्हणावं तितका त्यांचा विश्वास वाढत होता. आई म्हणाली, "जाऊन ये की. नुसता कान तर लावायचाय."

९ एप्रिल
गेलो. पंधरा-वीस माणसं आधीच जमलेली. पालथा पडून तापल्या मातीला कान लावला. सगळे चिडीचूप. मला माझ्याच कानातली धडधड ऐकू येत होती. कान भाजायला लागला तसा उठलो आणि मधल्या खुणेवर पाय ठेवला.

"इथं आहे."

काय सहज बोललो! काकांनी तिथंच नारळ फोडला.

१२ एप्रिल
बोअर झाली. सव्वाचारशे फूट. नुसता फुफाटा.

१३ एप्रिल
घरातून बाहेर पडलो नाही. तर काकाच आले, हातात ताकाचा तांब्या.

"मनाला लावून घिऊ नको. तू ऐकलं ते खरंच आसंल. गाडीवाल्यानंच हात-दीड हात बाजूला पाडली बोअर."

मी म्हणालो, "काका, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. थाप मारली मी."

ते हसले. "मोठा मानूस आसंच म्हनतो."

ग्रुपवर सकाळपासून बोअरच्या गाडीवाल्याचा उद्धार चाललाय. तो तमिळनाडूचा. त्याला मराठी वाचता येत नाही, आणि गाडी तर कालच पुढच्या गावाला गेली. सगळ्यांचीच सोय झाली. मी ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. खाली बारा जणांनी हात जोडले, श्रीमंतरावांनी लिहिलं, 'याला म्हणतात संस्कार'.

१५ एप्रिल
काकांनी अर्धी बाग काढायला घेतली. उरलेली टँकरवर जगवायची. लिंबाएवढी फळं धरलेली झाडं. मीही कुऱ्हाड घेऊन गेलो. दिवसभरात तीस-चाळीस पाडली. काका मध्येच पाणी आणून देत होते, वर म्हणत होते, "दमला आसशील, बस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांडेल गेला तेव्हा इतकं झालं नव्हतं. त्याला मी पाहिलंच नव्हतं.

१६ एप्रिल
आईला सांगितलं. इंजिन चालू होतं. दीड मिनिट ऐकत होतो. तासाभरापूर्वी एक होडी कळवली होती, तीच असेल म्हणून पुन्हा कळवलं नाही. आळस. बाकी काही नाही.

आई भाकरी थापत होती. "नोकरी जाईल?"

"जाईल. तुरुंगही लागेल कदाचित."

"नाव काय त्याचं?"

"हसुराम कोळी."

"त्याला आई हाय का?"

माहीत नाही म्हणालो. तिनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. करपली.

१८ एप्रिल, मुंबई
शपथेवर सांगितलं, इंजिन चालू होतं. साहेबांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. बाहेर बाकावर एक म्हातारी बसली होती. शिपाई म्हणाला, तांडेलाची आई. मी समोर जाऊन उभा राहिलो, म्हणालो, त्या वेळी खाली हेडफोन माझ्या कानांवर होते. ती बोलली, "त्या टायमाला पोर फोनवं होता माझ्याशी. इंजिनचे आवाजान काय बोलला ते मना आयकूच नाय आला. तू तर खालशी आयकत व्हतास. काय बोलत व्हता रं तो?"

नुसतं इंजिन ऐकलं, म्हणालो.