खालच्या पाड्याचं पाणी

वरचा पाडा, १२ एप्रिल २०२५

चि. सुनील यास हिरामणकाकाचे अनेक आशीर्वाद.

वत्सलावहिनींचे गुडघे कसे आहेत? सूनबाई ललिताचा खोकला गेला का? छोटी सायली नीट जेवते ना? आणि तू? सरपंच झाल्यापासून फोनवर तुझं ‘नंतर बोलतो’ एवढंच ऐकू येतं, म्हणून हे पत्र. मी बरा आहे, तुझी काकूही बरी.

खालच्या पाड्याने तुला मतं दिली नाहीत, हे खरं. म्हणून त्यांचा व्हॉल्व्ह बंद ठेवायला तू सांगितलंस, हे पाणी सोडणारा नवनाथ लपवतही नाही. तिथली म्हातारी भिमाबाई या वयात आटलेल्या झिऱ्यात उतरते आणि वाटीवाटीने हंडा भरते. तुझी काकू आपल्या नळाचं पाणी रोज तिला नेऊन देते. अरे, पाइपाचे चर खणायला दोन्ही पाडे होते. तिकडे नाशकात तुझ्या इंदिरानगरात नळ सोडताना कोणी विचारतं का, तुमचं मत कुणाला?

तुझा,
काका


इंदिरानगर, नाशिक, २० एप्रिल

ती. काकांस सा. न. वि. वि.

आईचे गुडघे तसेच. ललिता बरी आहे. सायली भात सोडून काही खात नाही.

काका, तुम्ही साधे आहात. आज सोडलं तर उद्या हे लोक डोक्यावर बसतील. एकदा येऊन विनवू देत, त्याच दिवशी सोडतो. पाण्याचं मला काही नाही, पण माझा शब्द चालला पाहिजे. काकूला हंडे नेऊ देऊ नका. सरपंचाच्या घरातच फूट आहे असं लोक बोलतात. ती ऐकत नसेल तर आपल्याही पाड्याचं बंद ठेवावं लागेल. रागावू नका, माया आहे तशी असू द्या.

आपला,
सुनील


वरचा पाडा, ९ मे

चि. सुनील यास आशीर्वाद.

वहिनींना माझा नमस्कार सांग, सायलीला पापा.

बोललास तसं केलंस. आपला नळ कोरडा पडला, तेव्हा तुझी काकू भिमाबाईबरोबर झिऱ्यावर जाऊ लागली. मंगळवारी कडेवरून पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. खालच्या पाड्याच्या पोरांनीच तिला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. आता हरसूलला दवाखान्यात आहे. पुन्हा चालेल की नाही, डॉक्टरांना सांगवत नाही.

तुला कळवू नका म्हणाली. म्हणते, सुनील लगेच पाणी सोडील, आणि खालच्या बायांना कळेल की त्यांचं कुणी पडून भागत नाही, सरपंचाचंच माणूस पडावं लागतं.

माणसाला द्यायला गोड वाटतं त्याहून अडवायला गोड वाटतं, हे मी आपल्या भावकीत लहानपणापासून पाहिलंय. कुणा एकाच्या मर्जीवर राहायला नको, म्हणून तर पंचायत आली ना रे? तिचीच तू आपली मर्जी करून टाकलीस.

नवनाथ म्हणतो, तुझा फोन आल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावणार नाही. खालच्या पाड्यातून विनवायला कोणी येणार नाही, सुनील. तुला कोणीतरी विनवायला हवं होतं, ते मी विनवतो. हात जोडतो.

आधी त्यांचं सोड, मग आपलं. हे पत्र हाती पडताच नवनाथला फोन कर, आणि मग मलाही चार ओळी लवकर लिही. काकू विचारेल तेव्हा तिला वाचून दाखवायला काहीतरी हवं.

तुझा,
हिरामणकाका