झाकण नसलेला पट्टा

माय, तू गेलीस त्या हंगामात मी दहावीला होते. आदल्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तू बाबांना सांगत होतीस की सावनेरच्या कापसाच्या जिनिंगात मशीनच्या पट्ट्यावरचं लोखंडी झाकण दुरुस्तीसाठी काढलं, ते परत बसवलंच नाही. साहेबाला सांगितलंस, तर त्यानं तुलाच झापलं. बाबा म्हणाले, उद्या जाऊ नको. तू हसलीस आणि तवा उतरवलास. दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तर आपल्या अंगणात माणसं जमलेली, आणि कोणीच माझ्याकडे बघत नाही. तुझा पदर पट्ट्यात गेला होता.

मालकाचा माणूस आला तेव्हा घरात अजून पाहुणे होते. तो खाटेवर बसला, पाणी प्यायला आणि अगदी हळू आवाजात बोलत राहिला. बाईच नको तिथं गेली, तरी मालक तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाहीत, इथं सही करा म्हणजे विषय मिटला. बाबांनी मान वर केली नाही. "तिनं सांगतलं होतं तुमाले," एवढंच म्हणाले. त्या माणसानं कागदाची नीट घडी केली आणि माझ्याकडे पाहिलं. "पोरगी एकटीच येते न शाळेतून? अंधार लवकर पडून राहिला आता."

दुसऱ्या दिवसापासून बाबा मला सायकलवर न्यायला येऊ लागले. परीक्षा झाल्यावर आम्ही गाव सोडलं आणि शहरात, जरीपटक्यात मामाच्या दुकानामागच्या खोलीत राहायला आलो. मामानंच वकीलबाई शोधून दिल्या. नुकसानभरपाईचा दावा टाकताना त्यांनी समजावलं की झाकण नाही हे मालकाच्या माणसांना ठाऊक होतं, हे सांगणारं कोणीतरी हवं. तसं एकच माणूस होतं. तुझ्या बाजूला काम करायची ती मावशी. आणि तिचा नवरा त्याच जिनिंगात कापसाच्या गठाणी उचलत होता.

तारखा पडत गेल्या. दर तारखेला कोर्टाच्या फाटकाजवळ मालकाचा तो माणूस मोटरसायकलला टेकून उभा असायचा. कधी काही बोलला नाही. बाबांना पाहून ओळखीच्यासारखी मान हलवायचा, आणि बाबांचा माझ्या मनगटावरचा हात घट्ट व्हायचा. एकदा तो आमच्या गल्लीतही दिसला, भाजीच्या गाडीपाशी. आमचा पत्ता त्याला कोणी दिला, ते कधीच कळलं नाही.

साक्षीच्या दिवशी मावशी येणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. ती एसटीनं आली, एकटी, फाटकातून त्या माणसाच्या समोरून. मालकाच्या वकिलानं तिला विचारलं, हे तुम्हाला कोणी पढवलं? ती त्याच्याकडे न पाहता न्यायाधीशांकडे बघून बोलली. "मी तिच्या बाजूलेच उभी होती, साहेब. ती म्हणे, झाकण लावा, पदर जाते. आमचा साहेब म्हणे, काम कर, नाही त घरी जाय. तिले घरी जाता येत नव्हतं. मलेही नव्हतं येत." त्याच आठवड्यात तिचं आणि तिच्या नवऱ्याचंही काम गेलं. ती दोघं नरखेडकडे तिच्या बहिणीकडे गेली, संत्र्याच्या बागेत राबायला.

गेल्या महिन्यात निकाल लागला. चूक मालकाची, असं कोर्टानं म्हटलं. बाबांनी वकीलबाईंना एवढंच विचारलं, "आता तिचीच गलती होती असं कोनी म्हणनार नाही न?" त्या नाही म्हणाल्या. त्या रात्री बाबा कित्येक वर्षांनी दाराला कडी न लावता झोपले.

काल वकीलबाईंचा फोन आला. मालक अपिलात गेला आहे. बाबांनी उठून कडी लावली. आज सकाळी मामानं सांगितलं, मावशी नरखेडकडे नेमकी कोणत्या गावात राहते, असं कोणी दुकानात विचारून गेलं. मी लगेच तिला फोन लावला, दोनदा लावला. ती उचलत नाही.

हे तुला कुठं धाडू? पण एक गोष्ट बाबांना सांगता येत नाही, म्हणून इथं लिहिते. कोर्टात दर तारखेला कोणीतरी तुझं नाव मोठ्यानं वाचायचं. घरात आम्ही ते घेत नाही, बाबांना सहन होत नाही. काल अपिलाचं ऐकलं तेव्हा भीती वाटायच्या आधी, क्षणभर, मले बरं वाटलं, माय.